हळदोण्याचे ट्रम्पेट : चिक चॉकलेट यांची सुरेल आणि अनाम कारकीर्द

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास सांगताना संगीतकार, गायक आणि गीतकार या तिघांची नावे आदराने घेतली जातात. गाणे ऐकताना मात्र या तिघांच्याही आधी आपल्या कानी पडतो तो वाद्यमेळ. गायकाने पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच ट्रम्पेटची एखादी खणखणीत लकेर, सॅक्सोफोनची एखादी आर्जवी ओळ किंवा बोंगोचा ठेका गाण्याची ओळख पटवून देतो. १९४० ते १९७० या तीन दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांतून जे वाद्यमेळ घुमले, त्यांच्यामागे उभी असलेली माणसे मोठ्या संख्येने गोमंतकीय होती. त्यांची नावे तबकडीवर छापली गेली नाहीत आणि पडद्यावरही क्वचितच झळकली. बार्देशातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच एक. परंतु या अनामिकांच्या मेळ्यात ज्याला स्वतःचे नाव मिळाले, असे ते एक अपवादात्मक वादकही होते. ते नाव त्यांचे खरे नाव नव्हते, ही गोष्ट निराळी. जगाने त्यांना ओळखले ते चिक चॉकलेट म्हणून.

त्यांचा जन्म १९१६ चा आणि मृत्यू मे १९६७ मधला. आयुष्य अवघ्या एक्कावन्न वर्षांचे. एवढ्या अवधीत त्यांनी हॉटेलांतील नृत्यदालने गाजवली, स्वतःच्या बँडच्या तबकड्या काढल्या, हिंदी चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिले आणि एका मराठी संगीतकाराच्या खांद्याला खांदा लावून चित्रपटगीताची चाल व चेहरा बदलण्यात मोठा वाटा उचलला. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. या बिरुदाने त्यांना कीर्ती दिली. पण त्याच बिरुदाच्या सावलीत त्यांचे स्वतःचे कर्तृत्व झाकोळूनही गेले. त्यांच्या चरित्राकडे पाहताना ही दुहेरी बाजू नजरेआड करता येत नाही.

चर्चच्या शाळेतील स्वरलिपी

म्हापसा नदीच्या काठी उभे असलेले हळदोण्याचे सेंट थॉमस चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीचे. गोव्यातील अशा चर्चना जोडून पोर्तुगीज राजवटीत ज्या शाळा चालत, त्यांत प्रार्थनेबरोबरच संगीताचे शिक्षण दिले जाई. चर्चमधील गायनवृंद सांभाळणारा संगीतमास्तर गावातल्या मुलांना सॉल्फेज, म्हणजे स्वरनामे घेऊन गाण्याची पद्धत, शिकवी. पाच रेषांच्या स्वरलिपीतून वाचायला लावी आणि बहुधा हाती व्हायोलिन देई. या शिक्षणात लाड नव्हते. सुरात चूक झाली की छडी बसे. मुलाने पुढे वादक व्हावे असा या शिक्षणाचा हेतूही नव्हता. मिस्सा, लदीन आणि फेस्त यथासांग पार पडावे, एवढीच त्याची मर्यादा होती.

तरीही या व्यवस्थेतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाचून वाजवू शकणारी, वेगवेगळ्या आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावले असता त्यांचा मेळ कसा बसतो हे जाणणारी पिढीच्या पिढी गोव्याच्या खेड्यांतून तयार झाली. उर्वरित भारतात संगीत गुरुमुखातून शिकले जात होते आणि एका वेळी एकाच स्वराचा विस्तार करण्यात त्याचे वैभव होते. गोमंतकीय ख्रिस्ती मुलाच्या कानांवर मात्र लहानपणापासून दोन जगे पडत होती. चर्चमधली लॅटिन भजने एका बाजूला आणि घरातला मांडो, दुलपद दुसऱ्या बाजूला. या दुपदरी कानाचे मोल पुढे मुंबईला कळायचे होते.

आंतोनियोच्या आईच्या मनात मात्र मुलाने मेकॅनिक व्हावे असे होते. त्या काळच्या गोव्यातील कोणत्याही शहाण्या आईची ही इच्छा असती. घरच्या शेतीत सगळ्यांचे पोट भरत नव्हते, उद्योग नव्हते आणि तरुणांना मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका किंवा बोटीवरची नोकरी याखेरीज वाट नव्हती. मोटारीचे यंत्र दुरुस्त करता आले तर दोन वेळच्या जेवणाची शाश्वती होती. वाद्य वाजवणाऱ्याला ती नव्हती. मुलाने आईचे ऐकले नाही. त्याचे मन ट्रम्पेटवर जडले होते.

मुंबई, कूड आणि जॅझ

मुंबईत उतरलेल्या गोमंतकीयाचा पहिला निवारा म्हणजे गावची कूड. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावोगावच्या कुडी होत्या. नाममात्र पैशांत एक पेटी ठेवण्यापुरती जागा, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि गावाकडची भाषा एवढे तिथे मिळे. खलाशी, स्वयंपाकी, शिंपी, कारकून यांच्या पेट्यांबरोबर तिथे व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या पेट्याही असत. वादकांसाठी कामही होते. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत, लग्नांत, क्लबांत आणि तियात्रांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक वाजवत. १८९२ साली मुंबईतच जन्मलेल्या तियात्राने अनेकांना रंगमंचाचा सराव दिला. उन्हाळ्यात बँड थंड हवेच्या ठिकाणी जात. काही रंगून, कोलंबो, सिंगापूरपर्यंत पोहोचत.

याच मुंबईत १९३५ च्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात प्रवेश नव्हता, ते कलावंत मुंबईत संस्थानिक आणि साहेबांच्या मेजवान्यांचे मानकरी ठरले. जॅझ तोवर मुंबईत तबकड्यांतून ऐकू येत होता. आता तो समोर वाजू लागला. गोमंतकीय वादकांनी तो नुसता ऐकला नाही, पुढे या पाहुण्यांच्या बँडमध्ये त्यांना जागाही मिळाल्या. कागदावर लिहिलेले बिनचूक वाजवण्याची शिस्त त्यांच्याकडे होतीच. कागदावर न लिहिलेले वाजवायचे कसे, हे त्यांना या पाहुण्यांकडून उमगले. स्वर नेमक्या मात्रेवर न ठेवता किंचित मागे रेंगाळवायचा, ठेक्याला झोका द्यायचा आणि ठरलेल्या चालीच्या चौकटीत राहून तत्क्षणी नवी चाल रचायची, हे जॅझचे मर्म होय. आपल्याकडच्या गवयाला यात नवल वाटू नये. बंदिशीच्या चौकटीत उपज करणे तोही जाणतो.

तरुण आंतोनियोने आरंभी स्पॉटलाइट्स नावाच्या गटात वाजवले. त्याच्यासमोर आदर्श होता तो न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँग यांचा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलेल्या तबकड्यांनी आर्मस्ट्राँग यांनी जॅझची दिशाच बदलली होती. त्याआधी बँडमधले सारे वादक मिळून वाजवत. आर्मस्ट्राँग यांनी एकट्या वादकाच्या कल्पनाशक्तीला मध्यभागी आणले. त्यांच्या ट्रम्पेटची झेप, घोगरा आवाज, अर्थहीन अक्षरांची गाण्यातली पखरण आणि हातातला पांढरा रुमाल हे सारे आंतोनियोने आत्मसात केले. त्या तबकड्या पुनःपुन्हा ऐकून, त्यांतली एकेक लकेर ओठांवर बसवून त्याने आपली शैली घडवली. नाव बदलले, रूप बदलले आणि नृत्यदालनात चिक चॉकलेट अवतरले.

ताजमधला बँड आणि तीन मिनिटांची तबकडी

दुसऱ्या महायुद्धाने मुंबईला सैनिकांनी भरून टाकले. ब्रिटिश आणि अमेरिकी फौजांतील तरुणांना संध्याकाळी नाचायला संगीत हवे होते. हॉटेलांची नृत्यदालने ओसंडून वाहू लागली आणि चांगल्या बँडला मागणी आली. १९४५ च्या सुमारास चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या बँडने, चिक अँड द म्युझिक मेकर्सने, अनेक प्रतिस्पर्धी बँडना मागे टाकून ताजमधला करार मिळवला. हळदोण्याच्या मुलासाठी ही मोठी मजल होती. त्या काळच्या हॉटेलजगतात गोमंतकीय माणूस स्वयंपाकघरात, मेजाशेजारी किंवा बँडच्या चौथऱ्यावर दिसे; चौथऱ्यावर मधोमध उभा राहून साऱ्या दालनाच्या नजरा खिळवून ठेवण्याचा मान फार थोड्यांच्या वाट्याला येई.

बँडच्या तबकड्याही निघाल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या त्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगलेल्या दालनात एखादी चाल दहा-दहा मिनिटे फुलवणाऱ्या वादकाला इथे सारे तीन मिनिटांत बसवावे लागे. सुरुवात, मूळ चाल, एखाद-दुसऱ्या वादकाची स्वतंत्र फेरी आणि समारोप, असा आराखडा आधीच पक्का करावा लागे. या बंधनाने चिक यांना एक गोष्ट शिकवली असावी, जी पुढे चित्रपटात कामी आली. थोडक्यात बोलायचे आणि लक्षात राहील असे बोलायचे. चित्रपटगीतातील दोन कडव्यांमधल्या संगीताला दहा-पंधरा सेकंदांचाच अवकाश मिळतो. त्या अवकाशात ट्रम्पेटने काय सांगावे, हे तबकडीच्या शिस्तीत तयार झालेल्या वादकाला शिकवावे लागले नाही.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि नृत्यदालनांचे दिवस फिरले. गोरे साहेब मायदेशी गेले, संस्थाने विलीन झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या सायंकाळच्या उत्पन्नावरच घाला घातला. पेला रिकामा झाला की बँडचे मानधनही आटते. अनेक वादकांसमोर परतीचा किंवा परदेशाचा प्रश्न उभा राहिला. नेमक्या याच वेळी मुंबईतला दुसरा एक उद्योग वाढत होता आणि त्याला वादकांची गरज होती.

पुणतांब्याचे संगीतकार आणि हळदोण्याचे वादक

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. चिक यांच्याहून दोन वर्षांनी लहान. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शास्त्रोक्त गायन शिकलेले, पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवत चित्रपटात आलेले. मराठी भावगीताची आणि लावणीची गोडी त्यांच्या कानात होती. तरीही पाश्चात्त्य ठेक्यांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. १९४७ च्या 'शहनाई' चित्रपटातील रविवारच्या भेटीचे त्यांचे गाणे देशभर गाजले आणि हलक्याफुलक्या पाश्चात्त्य ढंगाच्या गीतांची मागणी वाढली.

अशा गाण्यांसाठी त्यांना जी जोड हवी होती, ती गोमंतकीय वादकांकडे होती. त्या काळची कामाची पद्धत समजून घेतली म्हणजे चिक यांच्या वाट्याचे काम ध्यानात येते. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे. ती बहुधा कुठेही लिहिलेली नसे. चाल ऐकून ती पाच रेषांच्या स्वरलिपीत उतरवायची, तिच्याखाली कोणते स्वरसमूह शोभतील ते ठरवायचे, आरंभीचा आणि मधला भाग रचायचा, व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, डबल बास या प्रत्येकासाठी वेगळा कागद लिहायचा आणि मग ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळ्यांकडून ते वाजवून घ्यायचे, हे संगीत-संयोजकाचे काम. गायक आणि सर्व वादक एकाच वेळी गात-वाजवत. वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. शेवटच्या ओळीत एकाने चूक केली तर साऱ्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागे. अशा वेळी कागद अचूक हवा आणि तो वाचणारेही निष्णात हवेत. चर्चच्या शाळेतली छडी इथे सार्थकी लागली.

चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. १९५० च्या 'समाधी' चित्रपटातील 'गोरे गोरे' हे गीत लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिले. त्याचा पाया १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकी चित्रपटातील, कारमेन मिरांडा यांनी गायिलेल्या एका लॅटिन ढंगाच्या गाण्यात होता. पुढच्याच वर्षी 'अलबेला' आला. भगवानदादा म्हणजे दादरच्या गिरणगावी वातावरणातून वर आलेले मराठी नट-दिग्दर्शक आणि सी. रामचंद्र यांचे जिवलग मित्र. त्या चित्रपटातील 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, मराकस आणि फुंकवाद्यांनी जो माहोल उभा केला, त्याने प्रेक्षकांना खुर्चीत स्वस्थ बसू दिले नाही. 'अलबेला'मध्ये आणखी एक अपूर्व गोष्ट घडली. एका गाण्यात चिक आणि त्यांचे साथीदार क्युबन धाटणीच्या पोशाखात प्रत्यक्ष पडद्यावर दिसले. ज्यांचे हात एरवी पडद्यामागे राहत, त्यांचे चेहरे काही मिनिटे का होईना, देशाला दिसले.

या सहकार्याकडे आपण गोमंतकीय मराठी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. धर्म, भाषा, शिक्षण आणि राजवट यांनी वेगळे पडलेले दोन कलावंत एका हार्मोनियमभोवती बसले होते. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. पुढे १९५५ पासून तर सीमेवरच्या निर्बंधांमुळे मुंबईच्या गोमंतकीयांना आपल्याच गावी जाणे दुर्घट झाले. एकाच्या ओठी मराठी, दुसऱ्याच्या कोकणी. एकाचे गुरू ग्वाल्हेर घराण्याचे, दुसऱ्याचे आदर्श न्यू ऑर्लिन्सचे. परंतु चालीतला गोडवा मराठी मातीचा आणि ठेक्यातली नजाकत गोमंतकीय हातांची, असा संगम त्या गाण्यांत झाला. त्यातले कोणाचे किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही आणि तेच त्या गाण्यांचे यश आहे. १९५७ च्या 'आशा'मधील 'ईना मीना डीका' या गीताच्या गमतीदार अक्षरांत सी. रामचंद्र यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी कोकणीतले नकाराचे शब्द मिसळल्याचे सांगितले जाते. त्यांच्या संगीतकक्षात किती सहजपणे दोन भाषा नांदत होत्या, याची ही एक खूण.

स्वतःच्या नावाचे चित्रपट

सहायक म्हणून काम करीत असतानाच चिक चॉकलेट यांना स्वतंत्र संधी मिळाली. १९५१ च्या 'नादान' या देव आनंद आणि मधुबाला यांच्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले. त्यात तलत महमूद यांनी गायिलेले, प्रेयसीची तसबीर रेखाटू पाहणारे गीत आजही रसिकांच्या स्मरणात आहे. भारताचा आर्मस्ट्राँग म्हणवणाऱ्या वादकाकडून खणखणीत फुंकवाद्यांची अपेक्षा करणाऱ्याला हे गीत चकित करील. त्यात गाजावाजा नाही. तलत यांच्या कंपित, हळुवार आवाजाला जपत चाल पुढे सरकते. उडत्या ठेक्यापुरतीच या माणसाची प्रतिभा मर्यादित नव्हती, त्याला भारतीय सुरावटीचा शांत रसही उमगला होता, याचा हे एक गीतच पुरेसा पुरावा आहे. १९५२ मध्ये 'रंगीली' आला. तथापि संगीतकार म्हणून चिक यांचे बस्तान बसले नाही. चित्रपटसृष्टीत चांगल्या चालीइतकीच निर्मात्यांशी ओळख, यशस्वी नायक आणि नशीब यांची साथ लागते. ती त्यांना लाभली नाही. ते पुन्हा सहायकाच्या आणि वादकाच्या भूमिकेत परतले. मदन मोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले.

याच दशकात या संगीतावर वरूनही आघात झाला. केंद्रीय नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. पाश्चात्त्य ठेक्यांची, परक्या वाद्यांची गाणी भारतीय अभिरुची बिघडवतात, हा त्यामागचा विचार होता. श्रोत्यांनी मात्र रेडिओची सुई सिलोनकडे वळवली आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून शासनाला एक पाऊल मागे घ्यावे लागले. या वादात एक प्रश्न दडलेला होता. हळदोण्याच्या नदीकाठी चार शतके स्वरलिपी शिकवली जात असेल, तर ती परकी कशी? आणि गोमंतकीय वादकाच्या ओठांतून, मराठी संगीतकाराच्या चालीत मिसळून जे ट्रम्पेट वाजते, ते कोणाचे? चिक चॉकलेट यांनी या प्रश्नावर वाद घातल्याची नोंद नाही. त्यांनी उत्तर दिले ते वाजवून.

अनुकरण आणि अस्सलपणा

चिक यांच्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. त्यांनी आर्मस्ट्राँग यांचे अनुकरण केले. आवाजाचे, हावभावाचे, रुमालाचेही. मग त्यांचे स्वतःचे ते काय? नृत्यदालनातल्या कार्यक्रमापुरते पाहिले तर हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. हॉटेलच्या गिऱ्हाइकाला अस्सल आर्मस्ट्राँग मिळणार नव्हता, म्हणून त्याची प्रतिमा हवी होती आणि चिक यांनी ती उत्तम वठवली. पोटासाठी कलावंताला जे सोंग घ्यावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

परंतु कोणताही वादक प्रथम कोणाची तरी नक्कल करूनच शिकतो. आपल्याकडे शिष्य गुरूच्या खोकल्याचीही नक्कल करतो, असे थट्टेने म्हटले जाते. प्रश्न असतो तो त्या नकलेच्या पलीकडे काही उरते का, हा. चिक यांच्या बाबतीत ते चित्रपटसंगीतात उरले. तिथे आर्मस्ट्राँग यांचा नमुना उपयोगाचा नव्हता. लता मंगेशकर किंवा तलत महमूद यांच्या गळ्याभोवती ट्रम्पेट कसे गुंफायचे, याचे उदाहरण न्यू ऑर्लिन्समध्ये नव्हते, शिकागोतही नव्हते. ते मुंबईतच घडवावे लागले आणि घडवणाऱ्यांत चिक पहिल्या फळीत होते. ज्या कामासाठी त्यांना आर्मस्ट्राँग म्हटले गेले, ते उसने होते. ज्या कामावर त्यांचे नाव छापले गेले नाही, ते त्यांचे स्वतःचे होते. दैवाचा हा विपर्यास त्यांच्या साऱ्या कारकिर्दीला व्यापून राहिला आहे.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेने जॅझला आपला सांस्कृतिक दूत बनवले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन मुंबईत येऊन गेले. मुंबईकरांनी त्यांचे स्वागत केले. हे पाहुणे व्यासपीठावर आपल्या नावाने वाजवत होते. त्याच शहरातले त्यांच्या जातकुळीचे वादक मात्र सकाळी ध्वनिमुद्रण कक्षात बिननावाने आणि रात्री हॉटेलात जेवणाच्या ताटांच्या आवाजात वाजवत होते.

अखेरचे दर्शन

१९६६ मध्ये चेतन आनंद यांचा 'आखरी खत' प्रदर्शित झाला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या क्लबमधील एक गाणे आहे. तरुण भूपिंदर सिंग पडद्यावर गातात आणि त्यांच्या साथीला ट्रम्पेट वाजवताना दिसतात ते चिक चॉकलेट. 'अलबेला'नंतर पंधरा वर्षांनी ते पुन्हा पडद्यावर आले. आता ठेका धावणारा नाही. चाल संथ, धुंद आणि काहीशी उदास आहे आणि ट्रम्पेटही गायकाशी दबक्या स्वरात बोलते. हे गाणे पाहताना जाणवते की रुमाल फडकवून दालन जिंकणारा वादक आता एका सुराने काम भागवू लागला होता. कलेतील परिपक्वता म्हणतात ती हीच. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून आलेल्या काळाने गोमंतकीय वादकांना थोडाफार न्याय दिला, पण तोही आडवळणाने. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे घराघरांत पोहोचले. गाण्याला चाल देणाऱ्या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मिळवलेला अनुभव कोकणीकडे वळवून 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे चित्रपट काढले. मडगावच्या ख्रिस पेरी यांनी जॅझचा ठेका कोकणी गीतात असा मुरवला की तो आता गोव्याचाच वाटतो. या साऱ्या वाटांच्या आरंभी ज्यांनी पायवाट पाडली, त्यांत चिक चॉकलेट यांचे स्थान अग्रभागी आहे.

वादकाचे दुर्दैव असे की त्याची कला हवेत विरते. चिक यांच्या बाबतीत एवढे तरी भाग्य की ती तबकड्यांवर आणि चित्रफितींवर उरली आहे. पण लाखेची तबकडी हातातून सुटली की फुटते, चित्रफीत कुजते, आणि ज्यावर वादकाचे नावच नाही, ते जपताना कोणाला जपतो आहोत हेही कळत नाही. वादकाला त्या दिवसाचे मानधन मिळे आणि तिथे त्याचा गाण्याशी संबंध संपे. गाणे पुढे साठ-सत्तर वर्षे वाजत राहिले तरी त्यातला एक पैसाही त्याच्या घरी येत नसे. तो हिशेब आता चुकता होणार नाही. नावाचा हिशेब मात्र अजूनही चुकता करता येईल. कोणत्या गाण्यात कोणी वाजवले, कोणत्या गावचा वादक कोणत्या संगीतकाराकडे होता, याच्या नोंदी गोव्यातील अनेक घरांतल्या जुन्या वह्यांत, छायाचित्रांत आणि वृद्धांच्या स्मरणात असतील. त्या आपल्या विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि ग्रामसंस्थांनी वेळीच गोळा केल्या पाहिजेत.

आज गोव्यात एखाद्या लग्नात किंवा फेस्ताच्या रात्री बँडने 'अलबेला'मधले गाणे सुरू केले की तीन पिढ्यांची पावले एकाच वेळी थिरकू लागतात. नाचणाऱ्यांपैकी अनेकांना सी. रामचंद्र ठाऊक असतात, भगवानदादांची ती डोलती चाल ठाऊक असते. त्या वाद्यमेळात हळदोण्याच्या आंतोनियो वाझ यांचा श्वास मिसळलेला आहे, हेही त्यांना ठाऊक असायला हवे.